छावणी उठली, शाळा उरली

लेखमाला : तालुक्याचे गाव
लेख सहावा : दापोली

मागच्या आठवड्यात आपण अमेरिकेतील मिसूरी राज्यातले हर्मन हे गाव पाहिले. फिलाडेल्फियातील जर्मन मंडळींनी संस्था काढून 1837 मध्ये ते वसवले, नदीकाठच्या चढणींवर द्राक्षमळे लावले. पुढे गॅस्कोनेड काउंटीची कचेरीही तिथेच आली. गाव वसवणारे आणि गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे एकाच मुळाचे, त्यामुळे तिथला वारसा कोणाचा, हे कोणाला विचारावे लागत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीत मात्र ते विचारावे लागते. हे गाव परक्या सत्तेच्या छावणीमुळे वाढले. छावणी उठून गेली, आणि तिच्या मागे जे उरले ते वेगळ्याच माणसांनी हाती घेतले. त्यातले काहींना सहज मिळाले, काहींना अर्ज करून, भांडून आणि अपमान सोसून मिळवावे लागले. गाव कोणी वसवले यापेक्षा त्या गावातले दार कोणी ठोठावले, यावरून वारसा ठरवावा, असे मला दापोलीकडे पाहून वाटते. या लेखात तेच मांडायचे आहे.

सड्यावरची छावणी

आधी तालुका समजून घेऊ. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला केळशीच्या खाडीला मिळणारी भारजा नदी, दक्षिणेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि पूर्वेला खेड. किनाऱ्यावर केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ अशी गावांची माळ आहे. किनारा सोडून वर आले की जांभ्याचा सडा लागतो. दापोली या सड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 फुटांवर आहे.

अठराव्या शतकापर्यंत या मुलखाचे सगळे महत्त्व खाली, पाण्याच्या काठी होते. दाभोळ हे बहामनी आणि नंतर विजापूरच्या अमलातले नामांकित बंदर. इराण-अरबस्तानाशी त्याचा व्यापार चाले. डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडा याने ते जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग आंग्र्यांच्या आरमाराचा आधार होता. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एक झाले आणि 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तो घेतला. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने 1784 मध्ये लंडनजवळच्या शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. तो आजही उभा आहे आणि त्याचे नाव आपल्या सुवर्णदुर्गाचेच आहे, इंग्रजी उच्चारात बसवलेले. कोकणातल्या एका जलदुर्गाची लंडनला इतकी दखल घ्यावी लागली, यावरून या किनाऱ्याचे वजन कळते.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि दक्षिण कोकणच्या बंदोबस्तासाठी इंग्रजांनी दापोलीत फौजेचा तळ ठेवला. मोकळा सपाट सडा, खालच्या बंदरांपेक्षा गार हवा आणि हाकेच्या अंतरावर समुद्र, हे सगळे छावणीच्या सोयीचे होते. तालुक्याचा केंद्रबिंदू बंदरातून सड्यावर सरकला तो इथे. गावाला ‘कॅम्प दापोली’ हे नाव चिकटले आणि आजही ते सुटलेले नाही.

छावणीचे आयुष्य मात्र थोडेच निघाले. 1840 मध्ये नियमित फौज हलवली गेली. वयस्क सैनिकांची एक पलटण काही वर्षे ठेवली होती, तीही 1857 च्या सुमारास मोडली. साहेबांच्या मागे चर्च आणि काही थडगी राहिली. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि दापोलीचा इंग्रजी वारसा म्हणून तेवढ्यावर बोळवण होते. खरा वारसा त्या भिंतींमध्ये शोधून सापडणार नाही.

पेन्शनरांचे गाव

मुंबई इलाख्याच्या फौजेत रत्नागिरी जिल्ह्यातून फार मोठी भरती होत असे, आणि तीत महार सैनिकांची संख्या लक्षणीय होती. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. त्यामुळे गावात ज्यांना अक्षराला शिवू दिले नसते, ती माणसे पंचवीस-तीस वर्षांची नोकरी करून परतली ती लिहिती-वाचती होऊन. हाती पेन्शन होती, कवायतीची शिस्त होती आणि सरकारी नियम काय असतो याची समज होती. अशी बरीच कुटुंबे दापोलीत आणि परिसरात स्थिरावली.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर 1886 मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारलेला हा माणूस. त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन केली, ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून लिहिले, ‘विटाळ विध्वंसन’मध्ये धर्ममार्तंडांना थेट प्रश्न विचारले. 1890 च्या दशकात सरकारने महारांची फौजेतली भरती थांबवली, तेव्हा त्याविरुद्धचा अर्जही त्यांनी तयार केला. आंबेडकरी चळवळीच्या आधीच्या पिढीचा हा आवाज कॅम्प दापोलीतून उठला.

याच पेन्शनरांनी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला दापोलीच्या नगरपालिका शाळेचे दार ठोठावले. शाळा सार्वजनिक पैशावर चालते, आम्ही सरकारची चाकरी केली आहे, मग आमची मुले बाहेर का? अर्ज वरपर्यंत गेले. शेवटी मुलांना घ्यावे लागले, पण वर्गात नाही, व्हरांड्यात. मास्तर आत शिकवणार आणि मुलांनी बाहेर बसून जमेल तेवढे कानांत साठवायचे. त्या व्हरांड्याची नोंद दापोलीच्या इतिहासात पहिल्या पानावर असायला हवी. सरकारी शाळा सर्वांची, हे तत्त्व कागदावर मान्य झाले तरी ते उंबरठ्याच्या आत यायला किती अवधी लागतो, हे या एका गावात लख्ख दिसते.

याच सुमारास सुभेदार रामजी सकपाळ महूहून निवृत्त होऊन कुटुंबासह दापोलीत आले. कायमचे राहण्याचा त्यांचा विचार होता, पण पुढे तो बदलला आणि कुटुंब साताऱ्याला गेले. धाकटा भीमराव तेव्हा अगदी लहान होता. त्याचे मूळ गाव आंबडवे आज मंडणगड तालुक्यात मोडते. तेव्हा तो भाग दापोली तालुक्याखाली होता, म्हणूनच बाबासाहेबांनी आपले कुटुंब दापोली तालुक्यातले असल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. बंदर आणि सडा, दोन्हींचे कष्ट या एका घराच्या कहाणीत आले आहेत.

तालुका शाळेकडे चालत येतो

दापोलीत मामलेदार कचेरी होती, न्यायालय होते, वकील होते. आणि मिशनची इंग्रजी शाळा होती. आल्फ्रेड गॅडने या मिशनऱ्याच्या नावाने ती आज ए. जी. हायस्कूल म्हणून ओळखली जाते. आजूबाजूच्या खेड्यांत मराठी शाळेपुढे वाट नव्हती. पुढे शिकायचे तर सड्यावर चढून यायचे.

पालगडचा पांडुरंग सदाशिव साने या शाळेत शिकला. सुटीत घरी जायचे तर पायी. ‘श्यामची आई’ 1935 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पालगड-दापोलीची ती वाट महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. दापोलीत वकिली करणाऱ्या वामनराव काणे यांचा मुलगा पांडुरंगही याच मिशन शाळेतून मॅट्रिक झाला. त्याने पुढे धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला आणि 1963 मध्ये तो भारतरत्न ठरला.

खाली मुरुडमध्ये धोंडो केशव कर्वे वाढले. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. शिकण्याची तहान आणि दारात अडवले जाण्याचा अनुभव, दोन्ही त्यांनी कोवळ्या वयात घेतले. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी बहिष्कार घातला. पण त्याच कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम, मुलींसाठी शाळा आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभे केले. त्यांचे नात्यातले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शेजारच्या मुर्डीचे. 1899 मध्ये केंब्रिजला ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. मुर्डीनेच पुढे श्री. ना. पेंडसे दिले आणि ‘गारंबीचा बापू’मधून हा परिसर मराठी कादंबरीत कायमचा वस्तीला आला.

थोरांची ही यादी दापोलीकर अभिमानाने सांगतात आणि ती सांगावीच. कर्वे, काणे आणि बाबासाहेब अशी तीन भारतरत्ने या एका मुलखाशी जोडलेली आहेत. पण यादी सांगताना एक भेद लपवू नये. कर्व्यांना, काण्यांना, सान्यांना शाळेपर्यंतचे अंतर कापावे लागले. वाट कठीण होती, पण दार उघडे होते. पेन्शनरांच्या मुलांचे घर शाळेपासून जवळ होते आणि दार बंद होते. तालुक्याचा नकाशा मैलांत मोजला तर हा भेद कधीच दिसणार नाही.

आणि या दोन कहाण्या पुढे एकमेकींना भेटतात. परांजपे 1921 ते 1923 मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळांचे अनुदान बंद करण्याचा ठराव मुंबई सरकारने 1923 मध्ये काढला. साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. बाबासाहेबांनी तर बंद दाराचा प्रश्न राज्यघटनेच्या कलमांपर्यंत नेला. दापोलीच्या पाण्यात काही जादू होती असे मी म्हणणार नाही. पण ज्या मुलखात शाळा होती आणि शाळेला व्हरांडाही होता, तिथल्या माणसांना दाराचा अर्थ इतरांहून आधी उमगला, असे मी नक्की म्हणेन.

विद्येचे दुसरे केंद्र

स्वातंत्र्यानंतर दापोलीला दुसरी मोठी संस्था मिळाली. 18 मे 1972 रोजी कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आता त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव आहे. छावणीसारखेच हेही सरकारने आणून ठेवलेले, पण त्याचे काम तालुक्याच्या मातीतले. हापूस एका वर्षी लगडतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो, वर फळात साका निघतो, हे बागायतदारांचे जुने दुखणे. विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये ‘रत्ना’ आणली, आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून बारीक, पातळ कोयीची ‘सिंधू’. भाताच्या सुधारित जाती, नारळ-सुपारीच्या बागेत मिरी-जायफळाची जोड, कलमांच्या रोपवाटिका, हे सगळे ज्ञान इथून कोकणभर गेले.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्याला झोडपले. केळशी, आंजर्ले, मुरुड, आसूद या पट्ट्यातल्या पिढीजात सुपारीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीला उत्पन्न धरायला सहा-सात वर्षे लागतात, नारळालाही तितकीच. अशा वेळी तालुक्याच्या गावात कृषी विद्यापीठ असणे म्हणजे काय, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. रोपे, सल्ला, नवी लागवड यांसाठी तो त्याच सड्यावर चढून येतो, जिथे त्याचा आजा शाळेसाठी येत होता.

दापोलीने काय जपावे

आज दापोली वाढते आहे. मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यामुळे पर्यटन आले, संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव पाहायला गाड्या येतात, सड्यावर बंगले उठत आहेत. तरुण मात्र अजूनही मुंबईची आणि आखाताची वाट धरतात. अशा वेळी वारशाच्या नावाखाली चर्चची पडकी भिंत आणि ‘मिनी महाबळेश्वर’ची पाटी पुढे करणे सोपे आहे. पण या गावाने महाराष्ट्राला जे दिले ते हवेमुळे दिलेले नाही. ते इथल्या शाळांमुळे, त्या गाठणाऱ्या पायांमुळे आणि त्या उघड्या करायला लावणाऱ्या अर्जांमुळे दिलेले आहे.

म्हणून माझी दापोलीकरांना मनापासून विनंती आहे. गावाचा इतिहास मुलांना शिकवाल तेव्हा कर्वे आणि काणे यांच्या शेजारी वलंगकरांचे नाव घ्या. साने गुरुजींच्या पायवाटेबरोबर व्हरांड्यातल्या मुलांचीही गोष्ट सांगा. पेन्शनर कुटुंबांच्या घरी जुने अर्ज, पदके, पेन्शनचे कागद असतील, तर वाळवीच्या आधी विद्यापीठाने किंवा शाळांनी ते गोळा करावेत. आणि वाड्यावस्त्यांवरच्या शाळा पटसंख्येअभावी बंद करण्याची चर्चा निघेल, तेव्हा दापोलीने सर्वांत मोठ्याने बोलावे. शाळा लांब गेली की काय होते आणि दार बंद राहिले की काय होते, या दोन्ही गोष्टी या गावाइतक्या जवळून कोणी पाहिलेल्या नाहीत.

पुढील आठवड्यात : खेड, घाट आणि बंदर यांच्या मधले गाव.