बाळाच्या बरगड्या काय सांगतात?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. मी बी. ए. मराठीची, अर्धवेळ शिक्षिका. 'छातीचा पिंजरा' शिकवायचा म्हणजे आधी आपण शिकायला हवं! दोन दिवस भाजी निवडता निवडता पुस्तक वाचत होते. हे हसून म्हणाले, "परीक्षा तुझी आहे की मुलांची?" परीक्षा माझीच निघाली, आणि तीही शाळेत नाही, शेजारच्या घरात.

आधी धडा सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आपल्या छातीत बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. बायकांना बारा, पुरुषांनाही बाराच. मागे सगळ्या पाठीच्या मणक्यांना जोडलेल्या. पुढे मात्र तीन तऱ्हा. वरच्या सात जोड्या छातीच्या मधल्या चपट्या हाडाला मिळतात. तिथे हाडाऐवजी कूर्चा असते, आपल्या नाकाच्या शेंड्यासारखी लवचीक. आठवी, नववी आणि दहावी तिथवर पोचत नाहीत. त्या आपल्या वरच्या बरगडीचा आधार धरतात. अकरावी-बारावी पुढून मोकळ्याच.

पिंजरा म्हटलं तरी हा पोपटाच्या पिंजऱ्यासारखा स्थिर नाही. श्वास घेताना बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, बादलीची पडलेली कडी उचलावी तशा. खाली श्वासपटल नावाचा स्नायूचा घुमट आहे, तो त्याच वेळी खाली सरकतो. आत जागा वाढली की हवा आपोआप आत येते. फुप्फुसं स्वतः हवा ओढत नाहीत, हा भाता त्यांच्यासाठी ती ओढतो.

आता तान्ह्या बाळाचं बघा. त्याच्या बरगड्या मऊ, आणि जवळजवळ आडव्या असतात. म्हणजे बादलीची कडी आधीच वर. आणखी उचलणार किती? म्हणून बाळ मुख्यतः श्वासपटलावर श्वास घेतं आणि त्याचं पोट वरखाली होतं. यात काळजीचं काही नाही. पण न्यूमोनियात फुप्फुसं ताठर होतात. हवा ओढायला जास्त जोर लावावा लागतो आणि त्या जोराने छातीची मऊ भिंतच आत खेचली जाते. सरबताच्या कागदी नळीचं टोक बोटाने बंद करून ओढून पाहा, नळीच चपटी होते. तसंच हे. आपल्याकडे याला 'पोट उडणं' म्हणतात.

तर त्या संध्याकाळी शेजारची सून आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. "ताई, दोन दिवस सर्दी आहे, आज अंगावर पीतच नाही." मागून तिच्या सासूबाई, "अगं, दात येतायत त्याला!" मला आठवलं, दुपारीच मी त्याला मांडीवर घेतलं होतं. स्वेटर, टोपडं, वरून दुपटं. गाल बघितले, कपाळाला हात लावला, आणि छाती? ती बघितलीच नव्हती.

म्हटलं, "काकू, कपडे काढू या." दिव्याखाली बघितलं तर श्वास आत घेताना शेवटच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. पोट बाहेर, छाती आत. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं. बासष्ट!

आमचं चेणे घोडबंदर रस्त्यावर. एकीकडे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसरीकडे खाडी. पाऊस लागला की गायमुखच्या घाटात गाड्या तासन्‌तास अडकतात. "सकाळी जाऊ," असं सगळ्यांच्या मनात होतं, माझ्याही. पण त्या खड्ड्याकडे बघितल्यावर थांबवेना. रिक्षा काढून निघालो. बाळाला ऑक्सिजन लावला, औषधं सुरू झाली, सहाव्या दिवशी ते घरी आलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "रात्रीच आणलंत ते बरं केलंत." सासूबाई नंतर मला म्हणाल्या, "पोट उडतं हे मला ठाऊक होतं गं, पण उघडं करून बघितलंच नाही."

मोजायचं एवढं सोपं काम जीव वाचवतं का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1988-89 मध्ये हेच करून पाहिलं. 58 गावांत गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी वाळूचं घड्याळ आणि मण्यांचं साधन केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, मिनिटभराच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया समजायचा. त्यांनी औषध दिलेल्या मुलांत शंभरात एकही मृत्यू पुरता भरला नाही. तुलनेसाठी घेतलेल्या 44 गावांत तो आकडा तेरा-चौदा होता. 1990 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी हे केलं, तर आपण शिकल्यासवरलेल्या का नाही करायचं?

मैत्रिणींनो, हे एवढं लिहून स्वयंपाकघरात लावा:

बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, कपडे काढून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जात असेल, बाळ पीत नसेल, सगळं ओकत असेल, ओठ निळे पडले असतील, आकडी आली किंवा ते सुस्त पडलं असेल, तर रात्र असो की पाऊस, थांबू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास जलद असेल, तर तेही थेट रुग्णालयातच.

पोटावर बिब्बा किंवा डाग देऊ नका. त्याने फुप्फुस सुधारत नाही, बाळ मात्र भाजतं. दुकानातून खोकल्याची बाटली आणून वेळ घालवू नका.

न्यूमोनियाची लस, पीसीव्ही, सरकारी केंद्रात फुकट मिळते: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन वेळा. चुकवू नका.

आमच्या शेजारचं ते बाळ आता घरभर पळतं. सर्दी झाली की त्याची आजी आधी दिवा लावते, कपडे काढते आणि मला हाक मारते, "घड्याळ घेऊन ये गं!"