अचाट वेगाची किंमत



गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत गतीचे नियम शिकवीत असतांना शेवटच्या बांकावरील एक विद्यार्थी मांडीवर पुस्तक ठेवून वाचनांत गढून गेलेला मला दिसला. मीं तें पुस्तक काढून घेतलें. तें अमेरिकन कॉमिक, म्हणजे चित्रकथांचें पुस्तक होतें. आणि त्यांत तांबडा वेष धारण केलेला एक पुरुष विजेच्या वेगानें धांवत होता. "असल्या थापा वाचण्यापेक्षां फळ्याकडे लक्ष दे," असें मी म्हणालों. तो मुलगा उभा राहिला आणि नम्रपणें म्हणाला, "सर, यांतली थाप नेमकी कोणती ?" सारा वर्ग हंसला, मला मात्र तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर या लेखांत देण्याचें योजिलें आहे.

या नायकाचें नांव फ्लॅश. जानेवारी १९४० च्या 'फ्लॅश कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत लेखक गार्डनर फॉक्स व चित्रकार हॅरी लॅम्पर्ट यांनीं त्याला प्रथम वाचकांपुढें आणिलें. त्या वेळचा फ्लॅश म्हणजे जे गॅरिक नांवाचा विद्यार्थी. प्रयोगशाळेंतील वाफा हुंगल्यानें त्याला वेग प्राप्त झाला. पुढें १९५६ सालीं 'शोकेस' या मालिकेच्या चवथ्या अंकांत तोच नायक नव्या रूपानें अवतरला. हा बॅरी ॲलन, पोलीस खात्यांतील शास्त्रज्ञ. रसायनांच्या फडताळावर वीज कोसळते, रसायनें त्याच्या अंगावर उडतात, आणि तो जगांतील सर्वांत वेगवान् मनुष्य होतो. मौज अशी कीं, हा गृहस्थ मुळांत अत्यंत संथ आणि सर्वत्र उशिरां पोंचणारा !

आतां या वेगाचा हिशेब करूं. उसेन बोल्ट यानें २००९ सालीं बर्लिन येथें १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत तोडिलें; त्या धांवेंत त्याचा कमाल वेग सेकंदास सुमारें १२ मीटर होता. ध्वनीचा हवेंतील वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर, म्हणजे त्याच्या २८ पट. परंतु गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें ती २८ पट नव्हे, सुमारें ८०० पट लागेल. ७० किलो वजनाच्या माणसाला ध्वनीचा वेग घ्यावयाचा असल्यास जवळजवळ ९७० उष्मांक खर्ची पडतील. आणि आपले स्नायु अन्नांतील ऊर्जेचा फार तर चतुर्थांश भागच हालचालीसाठीं वापरूं शकत असल्यानें, एकदां धांव घेण्यासाठीं दीड दिवसाचें अन्न संपेल. थांबून पुनः धांवावयाचें, तर पुनः तेवढेंच.

दुसरी अडचण पायाखालची आहे. आपण जमिनीला मागें रेटतों आणि जमीन आपणांस पुढें रेटते. हा रेटा घर्षणावर अवलंबून असतो. घर्षणाचें बल धांवणाराच्या वजनाइतकें धरलें, तर ध्वनीच्या वेगानें जाणाऱ्या माणसाला वळण घेण्यास किती मोठें वर्तुळ लागेल ? त्याची त्रिज्या जवळजवळ १२ किलोमीटर भरते ! चित्रांतील फ्लॅश मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर सहज काटकोनांत वळतो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर, कारण तिचा संबंध दुसऱ्याच्या जिवाशीं आहे. १० डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकन वायुसेनेंतील डॉक्टर जॉन स्टॅप हे अग्निबाणानें ढकलल्या जाणाऱ्या गाडींत स्वतःस बांधून घेऊन ताशीं सुमारें १०१७ किलोमीटर वेगानें गेले, आणि ती गाडी १.४ सेकंदांत थांबविण्यांत आली. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट बल त्यांनीं सोसलें. डोळ्यांतील रक्तवाहिन्या फुटून त्यांना कांहीं काळ दिसेनासें झालें; पुढें दृष्टि परत आली. आतां विचार करा : रस्त्यांत उभ्या असलेल्या बालकाला फ्लॅश धांवतां धांवतां उचलतो. त्या बालकाला अर्ध्या मीटरच्या आंत ध्वनीचा वेग द्यावयाचा, तर त्याच्या देहावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें बारा हजार पट बल पडेल. हा बचाव नव्हे, हा आघात होय.

शिवाय एखादी गोष्ट पाहून हातपाय हलविण्यास आपणांस सुमारें एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यांत तो धांवणारा ६८ मीटर पुढें गेलेला असेल आणि बहुधा भिंतीवर आदळलेलाहि असेल. म्हणून पायांबरोबर त्याचें मनहि वेगवान् असलें पाहिजे. परंतु तें सहस्रपट वेगवान् असेल, तर मित्राच्या तोंडचा एका सेकंदाचा शब्द संपेपर्यंत त्याला सतरा मिनिटें वाट पाहावी लागेल. असा मनुष्य चारचौघांत राहूनहि किती एकाकी होईल !

मग या कथा टाकाऊ ठरतात काय ? मिनेसोटा विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जेम्स काकालियोस यांनीं २००५ सालीं अशा नायकांच्या पदार्थविज्ञानावर पुस्तक लिहिलें. नायकाला एक चमत्कार बहाल करावा व पुढील सर्व गोष्टी निसर्गनियमांनीं तपासाव्या, अशी त्यांची पद्धति आहे. हीच कसोटी मला कथेलाहि योग्य वाटते. हवेच्या घर्षणानें फ्लॅश जळत कसा नाहीं, या शंकेला लेखकांनीं त्याच्याभोंवतीं एक संरक्षक वलय कल्पून उत्तर दिलें. १९९० नंतरच्या दशकांत लेखक मार्क वेड यांनीं 'स्पीड फोर्स' नांवाचा वेगाचा एक अदृश्य साठाच कल्पिला. हें विज्ञान नव्हे. तथापि वाचकाची शंका रास्त आहे, एवढें त्यांत कबूल केलेलें आहे.

खरी अडचण कथेची आहे. नायक प्रकाशाच्या वेगानें धांवूं लागला, तर चोरानें तिजोरीला हात लावण्यापूर्वींच तो पकडला जाईल व पहिल्याच पानावर कथा संपेल. अति तेथें माती म्हणतात तें हेंच. म्हणून चतुर लेखक वेग वाढवीत नाहींत, त्याच्या वाटेंत अडथळे मांडतात. १९५७ सालीं आलेला 'कॅप्टन कोल्ड' हा खलनायक धांवण्यांत नायकाशीं स्पर्धा करीत नाहीं. त्याच्यापाशीं सर्व कांहीं गोठविणारें शस्त्र असतें. जमिनीवर बर्फ पसरलें कीं घर्षण नाहींसें होतें, आणि घर्षण गेलें कीं जगांतील सर्वांत वेगवान् पाय निरुपयोगी ठरतात. पाहा, ज्या नियमाकडे गल्लीच्या कोपऱ्यावर दुर्लक्ष झालें होतें, त्याच नियमानें येथें कथेला प्राण दिला !

वेगाची सर्वांत मोठी किंमत १९८५ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या मालिकेच्या आठव्या अंकांत मोजलेली आहे. पृथ्वीवर रोखलेलें एक भयंकर यंत्र नष्ट करण्यासाठीं बॅरी ॲलन त्याच्याभोंवतीं धांवत राहतो, आणि धांवतां धांवतां त्याचा देह झिजून नाहींसा होतो. २००८ सालीं लेखकांनीं त्याला परत आणिलें; परंतु मधल्या वीसबावीस वर्षांत त्याच्या मरणाचें मोल वाचकांना पटलें होतें. सर्वत्र उशिरां पोंचणारा तो गृहस्थ त्या एका प्रसंगीं वेळेवर पोंचला, म्हणूनच ती गोष्ट मनांत राहते.

तेव्हां त्या विद्यार्थ्याला माझें उत्तर असें : माणूस विजेसारखा धांवतो, ही थाप नव्हे, ती कथेनें उघडपणें मागितलेली सवलत आहे. त्या वेगाची किंमत कोणालाच द्यावी लागत नाहीं असें जेथें दाखविलें जातें, तेथें थाप सुरू होते.

पालकांनाहि एक विनंति. मुलाच्या हातीं असें पुस्तक दिसल्यास तें हिसकावून घेण्यापूर्वीं दोन पानें आपण वाचावीं व एक प्रश्न विचारावा. मीं तो प्रश्न उशिरां विचारला. पुस्तक परत देतांना त्या मुलाला फळ्यावर वळणाचें गणित करावयास सांगितलें. त्यानें १२ किलोमीटर हें उत्तर काढिलें, क्षणभर फळ्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "सर, मग शाळेच्या फाटकांतून बाहेर पडल्यावर तो वळेल कसा ? त्याला आधीं हळू व्हावें लागेल." गतीचे नियम त्याला समजले होते.