अपग्रेडमधील आवृत्तीची अट: डेबियन १३ चे उदाहरण

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेज आपल्या गरजा आवृत्तीसकट सांगते. 'ही लायब्ररी हवी, ३.०.० किंवा त्यानंतरची' अशी अट असली, तर त्याहून जुन्या लायब्ररीवर ते बसत नाही. एकेकटी अट सोपी असते. संपूर्ण सिस्टिम अपग्रेड करताना मात्र अशा हजारो अटी एकदम जुळवाव्या लागतात.

२०२५ मधील डेबियन १३ पाहू. सेकंद मोजणारा ३२-बिट आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. म्हणून एआरएमएचएफसारख्या ३२-बिट आर्किटेक्चरवर वेळ ६४ बिटांत ठेवली गेली. लायब्ररीच्या फाइलचे नाव तेच राहिले, पण वेळेची मांडणी बदलली. जुना प्रोग्राम तिला जोडला तर गोंधळ होणार. तो टाळण्यासाठी पॅकेजचेच नाव बदलले: 'लिबएसएसएल३' चे 'लिबएसएसएल३टी६४' झाले.

६४-बिट पीसीवर मांडणी बदललेलीच नाही. तिथे नवे पॅकेज 'मी लिबएसएसएल३ चीही गरज भागवतो' असे आवृत्तीसह जाहीर करते आणि जुन्या अटी पुऱ्या होतात. एआरएमएचएफवर ही घोषणा मुद्दाम केलेली नाही.

दोन्ही पॅकेजांतली फाइल एकच, त्यामुळे ती एकत्र नांदत नाहीत. 'एपीटी अपग्रेड' काहीच काढून टाकत नाही, म्हणून ते इथे अडते, 'फुल-अपग्रेड' लागते. काढायच्या यादीत लिबएसएसएल३ दिसले तर घाबरू नका, त्याचा वारस सोबतच येतो. पण त्याच यादीत तुमचा डेटाबेस सर्व्हर दिसला, तर आधी 'नाही' म्हणा आणि बाहेरून आणलेले कोणते पॅकेज जुनी अट धरून बसले आहे ते शोधा.