पडद्यावरचा क्रॉमवेल आणि इतिहासातला क्रॉमवेल



फ्रान्सच्या राजाला गिलोटिनवर चढविले गेले, हे आपल्या वरच्या वर्गांतील बहुतेक मुलांना ठाऊक असते. पण त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी इंग्लंडमध्येही राजावर खटला चालला आणि त्याचा शिरच्छेद झाला, असे सांगितले की वर्गात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. या घटनेवर १९७० साली 'क्रॉमवेल' नावाचा इंग्रजी चित्रपट निघाला. सुट्टीत तो मुलांना दाखवावा का, पाहताना कशाकडे लक्ष द्यावे आणि त्यातले किती खरे मानावे, यासाठी हा लेख.

चित्रपटाचे दिग्दर्शक केन ह्यूज. ऑलिव्हर क्रॉमवेलची भूमिका रिचर्ड हॅरिस यांनी केली आहे. हॅरी पॉटरच्या पहिल्या दोन चित्रपटांतले डम्बलडोर गुरुजी ते हेच. राजा पहिला चार्ल्स झाले आहेत अ‍ॅलेक गिनेस, ज्यांनी पुढे १९८४ च्या 'ए पॅसेज टु इंडिया' मध्ये चक्क प्राध्यापक गोडबोले यांची भूमिका केली. वेशभूषेसाठी या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. लढायांची दृश्ये स्पेनमध्ये चित्रित केली आहेत आणि ती भव्य आहेत.

भांडण कशावरून?

चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला. आपल्याकडे तेव्हा जहांगीर बादशहा होता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून पाच वर्षे होती. राजाला सत्ता ईश्वराने दिली आहे, म्हणून तो फक्त ईश्वरालाच उत्तरदायी आहे, अशी चार्ल्सची पक्की समजूत होती. पार्लमेंटचे म्हणणे असे की, आमच्या संमतीवाचून कर बसवता येणार नाही आणि कारण न सांगता कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही. १६२८ मध्ये पार्लमेंटने हे लेखी मागितले आणि राजाने मान्यही केले. पण पुढच्याच वर्षी त्याने पार्लमेंट बरखास्त केली आणि पुढे अकरा वर्षे ती बोलावलीच नाही.

पण पार्लमेंट नाही म्हणजे नवा कर नाही. मग पैसा कोठून आणावा? राजाने एक जुना कर शोधून काढला. युद्धाच्या वेळी किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी जहाजे किंवा पैसे द्यावेत, अशी प्रथा होती. चार्ल्सने हा 'जहाज-कर' शांततेच्या काळात, आणि १६३५ पासून समुद्राचे तोंडही न पाहिलेल्या आतल्या जिल्ह्यांवरही लावला. जॉन हॅम्पडेन नावाच्या जमीनदाराने आपल्या वाट्याचे वीस शिलिंग भरण्यास नकार दिला. रक्कम त्याच्यासारख्याला किरकोळ होती, पण प्रश्न अधिकाराचा होता. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले, पाच विरुद्ध. हॅम्पडेन खटला हरला, पण देशभर लोक विचारू लागले की आज वीस शिलिंग घेतले, तर उद्या काय घेणार?

यात धर्माचाही वाद मिसळला. राजाने स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादले, तेथे बंड झाले आणि ते मोडायला पैसा हवा म्हणून १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावीच लागली. अकरा वर्षांचा राग तिथे एकदम बाहेर आला.

४ जानेवारी १६४२

या दिवशी राजा स्वतः सुमारे चारशे सशस्त्र माणसे घेऊन पार्लमेंटवर चालून आला. माणसे दाराबाहेर उभी राहिली आणि राजा हाउस ऑफ कॉमन्समध्ये शिरला. पाच सदस्यांना अटक करायची होती. पण त्यांना आधीच वर्दी मिळाली होती आणि ते नदीमार्गे निसटले होते. राजाने अध्यक्षांना, म्हणजे स्पीकर विल्यम लेंथॉल यांना विचारले की ते कोठे आहेत? लेंथॉल यांनी गुडघे टेकून, अतिशय नम्रपणे उत्तर दिले. त्याचा आशय असा की, या सभागृहाने सांगितल्याखेरीज मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. त्या दिवसानंतर इंग्लंडचा कोणताही राजा किंवा राणी त्या सभागृहात गेलेली नाही. आजही नव्या सत्राच्या दिवशी राजाचा दूत बोलावणे घेऊन येतो तेव्हा त्याच्या तोंडावर दार लावले जाते आणि त्याने तीन वेळा ठोठावल्यावरच ते उघडतात.

ऑगस्ट १६४२ मध्ये युद्ध सुरू झाले. १६४५ च्या जूनमध्ये नेस्बीच्या लढाईत पार्लमेंटच्या नव्या शिस्तबद्ध सेनेने राजाचा निर्णायक पराभव केला. तहाच्या वाटाघाटी फिसकटल्या, १६४८ मध्ये पुन्हा युद्ध पेटले आणि शेवटी राजावर खटला भरण्यात आला. कोणत्या कायद्याने तुम्ही मला येथे उभे केले, हे चार्ल्स शेवटपर्यंत विचारत राहिला. ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. थंडीने अंग कापले तर लोक घाबरला म्हणतील, म्हणून त्याने त्या सकाळी दोन सदरे घातले होते. त्याच वर्षी आपल्याकडे शहाजीराजे विजापूरच्या कैदेतून सुटले. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

चित्रपटाने काय बदलले?

चित्रपटात क्रॉमवेल त्या पाच सदस्यांपैकी एक दाखवला आहे. तो त्यांत नव्हता. १६४२ मध्ये तो केंब्रिजचा एक साधा सदस्य होता, पुढाऱ्यांत त्याची गणना नव्हती. नेस्बीला पार्लमेंटची सेना थोडी आणि राजाची मोठी दाखवली आहे. प्रत्यक्षात उलट होते, पार्लमेंटकडेच माणसे जास्त होती. सेनापतीही क्रॉमवेल नव्हता, तर टॉमस फेअरफॅक्स होता. क्रॉमवेल घोडदळाचा प्रमुख होता. त्याचा मुलगा ऑलिव्हर नेस्बीला मारला गेला असे दाखवतात, पण तो त्याआधीच १६४४ मध्ये आजाराने गेला होता.

या चुका लहान म्हणून सोडून देता येतील. अडीच तासांच्या आत गोष्ट सांगायची तर एक नायक लागतो आणि सगळे त्याच्याच हातून घडवावे लागते. मोठी गोष्ट ही की चित्रपट काही भाग सांगतच नाही. १६४९ मध्ये क्रॉमवेल आयर्लंडमध्ये उतरला आणि ड्रॉएडा व वेक्सफर्ड येथे त्याच्या सेनेने भीषण कत्तल केली. आयरिश लोक ते आजही विसरलेले नाहीत. चित्रपटात याचा मागमूस नाही. लंडनला पार्लमेंटच्या बाहेर क्रॉमवेलचा पुतळा उभा आहे आणि शेजारच्या देशात त्याचे नाव निघाले की लोक तोंड फिरवतात. एकाच माणसाविषयी ही दोन्ही मते खरी घटना धरूनच बनली आहेत. इतिहास शिकणाऱ्याला दोन्ही माहीत हवीत.

दोन प्रसंग शेजारी ठेवा

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १६४२ मध्ये राजा सैनिक घेऊन पार्लमेंटवर आला, म्हणून लोक त्याच्याविरुद्ध उठले. १६४८ मध्ये सेनेतील कर्नल प्राइडने सभागृहाच्या दाराशी शिपाई उभे केले आणि नको असलेल्या सदस्यांना आत जाऊ दिले नाही. राजावर खटला भरणारी पार्लमेंट ती ही, गाळून उरलेली. आणि २० एप्रिल १६५३ रोजी स्वतः क्रॉमवेलने बंदूकधारी शिपाई आत बोलावून उरलेल्या सदस्यांनाही बाहेर काढले. जे राजाला जमले नाही ते त्याने करून दाखवले. चित्रपट क्रॉमवेलकडे असे पाहतो की, सदस्य स्वार्थी होते, बिचारा काय करणार? मुलांनी मात्र येथे थांबून विचार करावा. हेतू चांगला असला म्हणजे सभागृहाला कुलूप लावता येते का? आणि हेतू चांगला आहे हे ठरवणार कोण?

क्रॉमवेल त्याच वर्षी 'लॉर्ड प्रोटेक्टर' झाला. १६५७ मध्ये त्याला मुकुट देऊ केला तो त्याने नाकारला, पण सत्ता राजासारखीच होती. १६५८ मध्ये तो वारला आणि १६६० मध्ये चार्ल्सचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर आला. याच राजाला पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाहात मुंबई बेट मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. राजाने पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर घ्यायचा नाही, हे शेवटी १६८९ च्या कायद्याने ठरले, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये मोठे युद्ध झाले नाही.

आपल्याशी संबंध काय?

आपल्या संविधानाचे २६५ वे कलम सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. हॅम्पडेनचे वीस शिलिंग त्या एका ओळीत आहेत. ८५ व्या कलमानुसार संसदेच्या दोन सत्रांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर राहू शकत नाही. चार्ल्सची अकरा वर्षे आठवली की हे कलम का लागते ते कळते. लोकसभेच्या अध्यक्षपदाची खुर्चीही लेंथॉल यांच्याच परंपरेतली. त्या खुर्चीवर पहिले बसले ते ग. वा. मावळणकर, वडोदऱ्यात जन्मलेले आणि अहमदाबादेत स्थायिक झालेले मराठी गृहस्थ. २०१४ ते २०१९ या काळात आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन तेथे होत्या. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी समाजाने देशाला काय दिले, असे कोणी विचारले तर हे उत्तर मुलांच्या तोंडी असावे.

आणि हा धडा फक्त दिल्लीपुरता नाही. शाळेची संस्था असो, गणेशोत्सव मंडळ असो की गृहनिर्माण सोसायटी, वर्गणी ज्यांची त्यांना हिशेब विचारण्याचा हक्क आहे आणि सभा वेळेवर बोलावणे हे पदाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. सभेत कटकट होते, वेळ जातो, हे मलाही माहीत आहे. पण सभा टाळून काम भराभर होते, असे जो म्हणतो त्याच्या बोलण्यात थोडा चार्ल्स असतो आणि थोडा क्रॉमवेलही.

चित्रपट पाहताना

आठवीच्या पुढील मुलांनी तो जरूर पाहावा. लढाया आणि शिरच्छेद असल्याने लहान मुलांसोबत पालकांनी बसावे. पाहून झाल्यावर वहीत तीन उत्तरे लिहावीत. एक, राजाचा कोणता मुद्दा तुम्हाला पटला? दोन, क्रॉमवेलचे कोणते काम पटले नाही? तीन, चित्रपटातली एक गोष्ट पुस्तकाशी ताडून पाहा आणि फरक लिहा. जो विद्यार्थी दोन्ही बाजूंना एकेक मुद्दा देऊ शकेल, त्याला इतिहास समजू लागला असे मी मानीन.