गाण्याचं वजन किती?

मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाची कॅसेट मालवणातल्या एखाद्या जुन्या कपाटात अजून सापडेल. पावसाळ्यातल्या दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी धरलेली, सैल पडलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळलेली. त्या तपकिरी फितीने आवाज धरून ठेवला तो लोखंडाच्या ऑक्साइडच्या जोरावर. खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज खातो तो गंजही याच कुळातला! नाटकातल्या तात्या सरपंचाचा ठसका अशा बारीक कणांत साठून राहायचा, यावर माझा अजून चटकन विश्वास बसत नाही.

त्याआधीची तऱ्हा तर आणखी न्यारी. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या असत, आणि लाख म्हणजे पळस-बोरीच्या फांद्यांवरच्या इवल्या किड्यांचा स्राव. त्यात दगडाची पूड मिसळून दाबलेली तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गायची. पुढे प्लास्टिक आलं: एलपी, कॅसेट, सीडी.

आता गाणं मोबाइलवर येतं, हाताला काहीच लागत नाही. म्हणून ते निसर्गाला फुकटात पडतं असं वाटतं. काइल डिव्हाइन या संशोधकाने 2019 मध्ये अमेरिकेतल्या संगीतव्यवसायाचा हिशेब मांडला. सीडीच्या भरात, 2000 साली, 6 कोटी 10 लाख किलो प्लास्टिक लागलं; 2016 मध्ये अवघं 80 लाख. हरितगृह वायू मात्र 15 कोटी 70 लाख किलोंवरून 20 ते 35 कोटींवर गेले, असा त्यांचा अंदाज. ऑनलाइन गाणं दूरच्या सर्व्हरवरून येतं, आणि ती यंत्रं रात्रंदिवस वीज खातात. वर त्यांना थंडही ठेवावं लागतं.

चाहत्याचं मन अशा हिशेबाने थोडंच चालतं? कोरियन पॉपचे चाहते आत ठेवलेल्या, गायकाच्या छोट्या फोटोकार्डासाठी एकाच अल्बमच्या ढीगभर सीडी घेतात. त्यांच्यातल्याच काहींनी 2021 मध्ये याविरुद्ध 'केपॉपफॉरप्लॅनेट' मोहीम उभारली. 2022 मध्ये कोरियन गायक जे-होपचा 'जॅक इन द बॉक्स' हा अल्बम आला तो सीडीविना, क्यूआर कोडवर. फोटोकार्डं मात्र सोबत होतीच. हातात काहीतरी असावं ही ओढ खरी आहे, तिला हसू नये.

आपल्याकडे यूट्यूबवर दशावतार लावून लोक घरची कामं उरकतात. नुसतं ऐकायचंच असेल तर जास्त वीज खाणारा व्हिडिओ कशाला? आवडीचं गाणं दर वेळी सर्व्हरवरून मागवण्यापेक्षा एकदा उतरवून घ्या आणि हवं तितकं ऐका. आणि ज्यावर गाणं येतं तो चालू फोनही नुसता जुना झाला म्हणून बदलू नका.