भोपाळ राज्य आणि सातवी घटनादुरुस्ती

१९५० साली राज्यघटना अमलात आली, तेव्हा घटक राज्यांचे 'अ', 'ब' व 'क' असे वर्ग होते. भोपाळ हे 'क' वर्गातील एक लहान राज्य होते. राज्यांच्या सीमा बदलण्यास अनुच्छेद ३ अन्वये संसदेचा साधा कायदा पुरतो. संबंधित विधानमंडळाचे मत मागविले जाते, परंतु त्याची संमती लागत नाही. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. वर्गच नाहीसे करावयाचे, तर मात्र अनुच्छेद ३६८ प्रमाणे घटनादुरुस्ती हवी. तीस प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत व उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. काही बाबतींत निम्म्या राज्यांचे अनुसमर्थनही. सातव्या दुरुस्तीने हे वर्ग गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर, विदर्भाच्या आठ जिल्ह्यांसह, मुंबई राज्यात आली.