हरितमार्ग : चंक्रमणासाठी आणि वनौषधींसाठी

प्रमेहाच्या रुग्णास आपण सर्वजण चंक्रमण सांगतो. आचार्य सुश्रुतांनी तर निर्धन प्रमेहीस पादत्राण व छत्रीवाचून, एका गावी एकच रात्र राहत, शंभर योजने वा त्याहून अधिक चालण्यास सांगितले आहे. परंतु आजच्या रुग्णाने चालावे कोठे? शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर वाहनांची वर्दळ, धूळ आणि धूर. सावली मात्र विरळ.

वस्तीपासून निघून ओढ्याकाठाने, पांदणीने खेड्यापर्यंत जाणारी सलग, वृक्षांकित पायवाट म्हणजे हरितमार्ग. आपल्या जिल्ह्यास ही कल्पना परकी नाही. श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव हजारो भाविक पायी चालतात. वर्षातून एकदा घडणारे हे चंक्रमण नित्याचे होण्यासाठी वाहनांपासून अलग अशी वाट हवी.

बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेतशिवारे व नाले ओलांडीत, सुमारे १,३०० कि.मी. चालून येथे पोचला. नाल्याकाठची झाडी हा वन्यप्राण्यांचाही मार्ग आहे, हे यावरून ध्यानी यावे. म्हणूनच माणसांची पायवाट अभयारण्याच्या अलीकडेच थांबावी.

कोणते वृक्ष कोठे लावावेत, हे सांगणे वैद्यांचे काम आहे. सुश्रुतसंहितेतील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी कोणत्या भूमीतून घ्याव्यात याचा विचार आहे. त्या दृष्टीने हमरस्त्यालगतचा निंब व करंज सावलीपुरताच मानावा; औषधासाठी तो वापरू नये. अर्जुन हा मुळातच जलाशयाकाठचा वृक्ष. त्यास ओढ्याकाठी स्थान द्यावे. बेल, आवळा, बेहडा पांदणीच्या कडेने, शेतकऱ्यांच्या संमतीने लावावेत. औषधनिर्मात्यांना यांतून खात्रीचे द्रव्य मिळू शकेल. मात्र खोडाभोवती पूर्ण वेढा देऊन साल काढल्यास वृक्ष मरतो, ही जाणीव संग्राहकांना द्यावी लागेल.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. नाल्याकाठची जमीन एकदा बांधकामाखाली गेली, की ती परत मिळणे कठीण. आपल्या शाखांनी ही मुदत न दवडता नाल्याकाठच्या पट्ट्यांचे आरक्षण लेखी सुचवावे आणि शहराच्या हद्दीपुढील पांदणींसाठी ग्रामपंचायतींशी बोलावे. चालण्याचा सल्ला देणाऱ्याने चालण्याच्या वाटेचीही चिंता वाहिली पाहिजे.